किरणं दिलेलं तिखट आणि गल्लीचा वानोळा

माझ्या धाकट्या जावेच्या पोटात तिच्या नवऱ्याची किडनी आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिथूनच निघतं. माझा दीर म्हणजे जन्मात कधी माठातलं पाणी घ्यायला स्वतः उठला नाही असा माणूस. बसल्या जागेवरून "अवं, पानी दे" अशी आरोळी द्यायचा. बायकोच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा हाच माणूस दवाखान्यात उभा राहिला आणि म्हणाला, माझी घ्या. आमची तोंडं उघडीच राहिली. आमचे म्हातारे, म्हणजे माझे यजमान, अजून म्हणतात, "लहान्यानं आयुष्यात एकच वस्तू उचलून देली, पन देली ते भारी देली."

ती दोघं बोरगाव मेघ्याला राहतात, आम्ही नाचणगावात. ऑपरेशन चांगलं झालं, किडनी चालायला लागली आणि जावेची जीभही पूर्वीसारखी चालायला लागली. दिरानं काही म्हटलं की ती म्हणते, "मी कुठं बोलून राह्यली? तुमची किडनी बोलून राह्यली."

पण खाण्याचं बिनसलं. दुसऱ्याची किडनी अंगानं फेकून देऊ नये म्हणून अंगाची ताकद औषधांनी दाबून ठेवतात. मी ते माझ्यापुरतं असं लावून घेतलं, की पाहुण्यावर भुंकू नये म्हणून घरचा कुत्रा झोपवून ठेवला. मग तो चोरावरही भुंकत नाही. चोर म्हणजे जंतू. म्हणून कच्चं बंद, चिरून ठेवलेलं फळ बंद, रस्त्यावरचं बंद, आणि ताटात वरून घ्यायचं तिखट, चटणी, ठेचा सगळं बंद. आता आमच्याकडच्या माणसाला चटणीशिवाय जेव म्हणणं म्हणजे लग्नाला ये पण नवरदेवाकडे बघू नकोस म्हणण्यासारखं आहे.

जाऊ ताटावर बसायची, भात इकडचा तिकडे करायची आणि उठायची. बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, किडनी ठणठणीत आहे, पण बाईनं खाल्लंच नाही तर औषधं पेलणार नाहीत, पुन्हा भरती करावं लागेल. दिराचा मला फोन. रडवेला आवाज.

"वैनी, काईबी करा. ते जेवून नाई राह्यली. माही किडनी तिच्या पोटात उपाशी बसून हाय."

मी म्हटलं, "तिले द्या फोन." तर ती बया म्हणते, "बाई, मले तुमच्या हातची जवसाची चटनी पायजे."

ही गोष्ट साधी नव्हती हो. लग्न होऊन आली तेव्हापासून हिनं माझ्या चटणीला एकदा चांगलं म्हटलेलं नाही. "बाईच्या चटनीत मीठ जास्त" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की मी मेल्यावर तेराव्याला कोणी हेच म्हणेल अशी माझी खात्री होती. तिनं तोंडानं माझी चटणी मागितली म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे मी तिथंच ओळखलं.

दवाखान्यात आहार सांगणाऱ्या एक मॅडम आहेत. त्यांना मी स्वतः फोन लावला. त्या म्हणाल्या, घरचं उघडं तिखट शिजवल्याशिवाय नकोच. पण किरणं दिलेलं तिखट असेल, कंपनीच्या सीलबंद पाकिटातलं, तर पाकीट त्याच वेळी फोडा, कोरड्या स्वच्छ चमच्यानं घ्या, जवस नि जिरं गरम भाजा, लसूण तेलात चांगला तळा, ताजी करा, ताजी संपवा. मग थोडी चालेल.

मी म्हटलं, "मॅडम, किरणं दिलेलं तिखट तर आमचंच आहे."

त्यांना वाटलं असणार, म्हातारीनं मिरच्या गच्चीवर उन्हात घातल्या, त्यालाच किरणं म्हणते आहे. तसं नव्हतं. ते कसं, ते ऐका.

आमचा बायकांचा गट आहे. मिरच्या आणतो, देठं खुडतो, वाळवतो, कांडप यंत्रावर कुटून तिखट करतो. हिंगणघाटचा एक व्यापारी माल उचलतो. मागच्या हंगामात त्यानं आमच्या तिखटाचा नमुना तपासायला पाठवला आणि तो नापास होऊन आला. काय म्हणे, जंतू जास्त. बायका अशा पेटल्या, की त्यांच्यापुढे ते तिखटही फिकं पडलं असतं. गटात सगळ्यांत चोख असलेली बाई, जी चुलीचं लाकूडसुद्धा पुसून घेते, ती तर म्हणाली, "माह्या घरात जंतू? जंतू असतीन तं माह्या सासरच्यायत, माह्यात नाई."

मग हळूहळू खरं बाहेर आलं. मिरच्या आम्ही ताडपत्रीवर वाळवायचो, समाजमंदिरासमोर. समाजमंदिरावर कबुतरं. कबुतरांना काही गटाचे नियम कोणी वाचून दाखवले नव्हते. शिवाय एक बकरी रोज ताडपत्रीवरून शॉर्टकट मारायची. कोणाची बकरी, यावर एक अख्खी बैठक गेली. बकरीच्या मालकिणीनं शेवटी विचारलं, "माही बकरी गेली तं गेली, कबुतरं कोनाचे हायेत ते सांगा."

व्यापाऱ्यानं आम्हाला हिंगणघाटला गोदामात बोलावलं. तिथं एक तरुण मुलगी आली होती, अन्नावरच्या प्रक्रिया शिकवणारी. तिनं पडद्यावर दाखवलं. जाड जाड काँक्रीटच्या भिंतींची खोली. आत कोबाल्ट नावाच्या धातूच्या कांड्या, त्यातून किरणं निघतात. माणूस आत जात नाही. खोकी तेवढी पट्ट्यावरून हळूहळू फिरून बाहेर येतात. पाकीट फोडायचं नाही, तापवायचं नाही, पाणी नाही, औषध नाही. किरणं पाकिटातून आरपार जातात आणि आतल्या जंतूंना जगण्याच्या किंवा वाढण्याच्या लायकीचं ठेवत नाहीत. सगळेच मरतात असं नाही, पण फारच थोडे उरतात. दवाखान्यात हाडांचा नाहीतर छातीचा फोटो काढणारी एक्स-रेची किरणं असतात ना, त्यांच्या भावकीतली, पण फार तगडी.

मुलगी बिचारी चांगलं सांगत होती. पण समोर आम्ही होतो.

एकीनं विचारलं, "मंग ते तिखट अंधारात चमकते का?"

"नाही हो काकू. किरणं आरपार निघून जातात, मागं काही राहत नाही. बॅटरीचा उजेड भिंतीवर पाडला म्हणून भिंत काही उजेड देत बसत नाही."

"मंग मिरचीचा तिखटपना मरते का?"

"नाही. रंग, वास थोडाफार इकडेतिकडे होतो, पण तिखट तिखटच राहतं."

मग मागून आमच्या गटातली सगळे उपासतापास करणारी बाई उभी राहिली. "मॅडम, मेलेले जंतू कुठं जातात?"

"ते... आतच राहतात."

"म्हंजे आपन मेलेले जंतू खातो? मंग हे शाकाहारी कसं?"

व्यापारी टेबलाखाली बघायला लागला. मुलगी शांतपणे म्हणाली, "काकू, आत्तापर्यंत तुम्ही जिवंत खात होतात."

त्या बाईनं दोन सोमवार तिखटच खाल्लं नाही. तिसऱ्या सोमवारी साबुदाण्यात हिरवी मिरची घातली. म्हणाली, हिच्यातले कसे हायेत ते मले कोनी सांगू नका.

पण त्या मुलीनं जाता जाता एक गोष्ट दोनदा सांगितली, ती मी लक्षात ठेवली. किरणं म्हणजे पहारेकरी नव्हे. आत होते त्यांना मारतात, पण नंतर येणाऱ्यांना अडवत नाहीत. पाकीट फोडलं की पुन्हा सगळं आपल्या हातात. आणि किरणांनी घाण धुतली जात नाही, खडा विरघळत नाही, बुरशी लागलेला माल चांगला होत नाही. म्हणजे ताडपत्रीवर जाळी लावणं आणि बकरी बांधणं आम्हाला सुटलं नाहीच. तर आम्ही दोन्ही केलं. माल व्यापाऱ्याच्या कारखान्यात पाकिटात भरला, लांबच्या किरण केंद्रात गेला आणि परत आला. तपासणीत पास. आहाराच्या मॅडमशी बोलणं झालं त्याच दिवशी व्यापारी सगळा माल पुढे पाठवत होता. मी जाऊन म्हटलं, "एक पाकीट आमचंच आम्हाला दे." त्यानं दिलं. वर म्हणाला, "काकू, हे तुमच्या घरच्या तिखटाहून साफ आहे हां." खोटं थोडंच होतं?

पाकिटावर हिरव्या गोलात झाडासारखं एक चिन्ह होतं, म्हणजे किरणं दिलेली आहेत. वर्ध्याला बस बदलली, तिथं शेजारी बसलेल्या बाईनं ते पाहून विचारलं, "कोनत्या पार्टीचं हाय?" मी म्हटलं, "मिरचीच्या."

असं मी ते पाकीट लेकरासारखं मांडीवर धरून पुलगावला उतरले, नाचणगावला आणलं. शनिवार होता. रविवारी दीर आणि जाऊ जेवायला येणार होते. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदाच कोणाच्या घरी जेवायला निघाली होती. पाकीट मी स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलं आणि नवा जवस आणायला पुलगावच्या बाजारात परत गेले. सुनेला म्हटलं, "हे तिखट आलं बरं का आपल्या गटाचं, किरणांचं." एवढंच म्हटलं. पुढचं सांगायला पाहिजे होतं, पण ऑटो उभा होता.

परत आले तर गल्लीच्या तोंडाशीच शेजारीण शिंकत उभी. नाक लाल, हातात वाटी.

"काकू, तिखट मस्त हाय वं! पन चमकून नाई राह्यलं. मी लाईट बंद करून पाह्यलं."

घरात गेले तर सून खुशीत. आमच्याकडे घरात काही नवं आलं, शेतातली पहिली तूर असो, माहेरची हळद असो, की आधी शेजारीपाजारी वाटीवाटी द्यायची. त्याला वानोळा म्हणतात. वानोळा दिल्याशिवाय आपण तोंडाला लावायचं नाही. हे तिला कोणी शिकवलं? मी. नवी आली तेव्हा एकदा तिनं माहेरचा गूळ वाटायच्या आधी डब्यात भरला तर मी तिला सगळ्या गल्लीसमोर टोमणा मारला होता. तेव्हापासून पोरगी इतकी तयार झाली, की आमच्याकडे नवीन गॅस सिलेंडर आलं तरी ती वाटी शोधते की काय अशी मला भीती वाटते.

तिनं पाकीट कात्रीनं कापलं. गल्लीत सगळ्यांना वाटलं. उरलेलं दुमडून, रबर लावून, स्टीलच्या डब्यात ठेवलं, आणि कीड लागू नये म्हणून वर हिंगाचा खडा. चमचा ओला होता. आमच्या म्हाताऱ्यांनी वरून बोट घालून चाखलंही होतं.

मी म्हटलं, "तुमी काऊन बोट घातलं?"

"तिखटपना राह्यला का गेला, ते पाहाले नको? राह्यला."

सुनेला सगळं सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. "आई, मले काय मालूम? किरणं मारलेलं म्हंजे आता कधीच खराब होत नाई, असं वाटलं मले."

तिला काय बोलणार? मीच वाढवलेलं झाड आणि मीच त्याच्या सावलीत उभी.

मग सल्ले सुरू झाले. म्हातारे म्हणाले, उन्हात ठेव, तेबी किरणंच. गल्लीतली एक म्हणाली, तव्यावर भाज. भाजलं असतं तर अख्खी गल्ली खोकत रस्त्यावर आली असती. शिंकणारी शेजारीण जवळ येऊन हळूच म्हणाली, "मेणबत्तीनं तोंड चिकटवून टाका. उद्या तिच्यासमोर फोडा. कोनाले दिसते?"

खरं सांगते, क्षणभर मी पाकिटाकडे पाहिलं. चिकटलं असतं ते. जाऊ खूश झाली असती, चार घास खाल्ले असते. पण मी म्हटलं, "कोनाले नाई दिसत, पन जंतूले तं दिसते ना, तोंड उघडं हाय म्हनून."

जावेला फोन लावला. सगळं सांगून टाकलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सुनबाईनं सगळ्या गल्लीले वानोळा देला?"

"हो."

"त्या शिंकरीलेबी?"

"तिलेबी."

"मंग मीच तेवढी गल्लीच्या बाहेरची झाली ना, बाई."

ह्या बाईशी मी इतकी वर्षं भांडले, पण तिचं बोलणं मला इतकं कधी लागलं नव्हतं. मी म्हटलं, "तू उद्या ये. माह्या घरून तू उपाशी जाशीन तं मी नाव बदलीन." ती म्हणाली, "कोनतं ठेवान?" म्हणजे अजून जीव होता तिच्यात.

मग आहाराच्या मॅडमना फोन. शनिवारी त्यांनी उचलला, त्यांचं भलं होवो. मी पाकिटाची कहाणी सांगितली. त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, "चटणी आता नको. पण हेच तिखट रस्स्यात घालून चांगलं खळखळ उकळा, मग चालेल ना."

"चालेल?"

"अहो, शिजवलेलं तिखट कधी बंदच नव्हतं! पहिल्या दिवसापासून सांगितलं आहे. वरून कच्चं घ्यायचं नाही, एवढंच. झेपेल तेवढं, ताजं, गरम खावं. घरी काय देतात त्यांना?"

मी चक्रावले. घरी काय देतात? घरी कोण देतं?

रविवारी ती दोघं आली. जाऊ तोंडाला मास्क लावून, आणि दीर हातात पिशवी घेऊन. पिशवीत डबा. डब्यात पांढरा भात आणि उकडलेला दुधी. मीठ दिसत नव्हतं, हळदसुद्धा नव्हती. दुधी तर असा पडला होता, जसं काही त्याचंच ऑपरेशन झालंय.

"हे कोनं केलं?"

"मीच करतो वैनी सगळं. ऑपरेशनपासून." दीर अभिमानानं म्हणाला.

पाण्याला न उठणारा माणूस स्वयंपाक करत होता! मी डोळ्यांतलं पाणी पुसणार, तेवढ्यात जाऊ म्हणाली, "बाई, रोज हेच. सकाळी दुधी, संध्याकाळी दुधीची बहीन."

मी दिराला म्हटलं, "भाऊजी, मॅडम तं म्हनते शिजवलेलं तिखट चालते. तुमाले सांगतलं होतं."

"सांगतलं होतं."

"मंग काऊन नाई टाकत?"

तो खाली बघायला लागला. डब्याचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. मग म्हणाला, "वैनी, द्यायसारखी एकच होती. हे गेली तं माह्यापाशी दुसरी कुठं हाय?"

आमचे म्हातारे, जे प्रत्येक गोष्टीवर काही ना काही बोलतात, ते उठून अंगणात गेले. जाऊ भिंतीकडे तोंड करून बसली. तिला हे माहीत नव्हतं. तिला वाटत होतं, ह्याला स्वयंपाक येत नाही.

तसा येतही नव्हता म्हणा.

मी पदर खोचला. बेसन शिजवून थापलं, वड्या पाडल्या. कांदा-खोबरं भाजून वाटलं, आणि गल्लीनं चाखलेलं, म्हाताऱ्यानं बोट घातलेलं, हिंगाचा खडा बसलेलं ते तिखट फोडणीत टाकलं. रस्सा असा उकळवला की झाकण नाचायला लागलं. पातोडीचा रस्सा. दीर गॅसजवळ उभा, "अजून उकळू द्या वैनी, अजून." मी म्हटलं, "भाऊजी, आता पातेलं विरघळून राह्यलं." सुनेनं ताट, वाटी, चमचा उकळत्या पाण्यातून काढले. कोणी बोलावलं नव्हतं तरी शेजारीण दारात आली. मी तिला तिथूनच परत पाठवलं. तिची शिंक त्या दिवशी वानोळ्यातही नको होती.

जावेनं भाकरीचा तुकडा मोडला, रस्स्यात बुडवला, तोंडात घातला. दीर तिच्या तोंडाकडे बघत होता, आपण निकालाकडे बघतो तसा. तिनं चावलं. गिळलं. नाकातून पाणी आलं. पुन्हा बुडवलं. दुसरी भाकर मागितली. मग मला म्हणाली, "मीठ जास्त हाय."

इतकं गोड वाक्य मी माझ्या आयुष्यात ऐकलं नाही.

त्यानंतर दिरानं रस्सा शिकून घेतला. पहिले काही दिवस उकळून उकळून त्याचं पिठलं व्हायचं, पण त्यात तिखट असायचं. बांगड्या कोपरावरून मनगटाकडे परत यायला लागल्या. पुढचा माल किरणं घेऊन आला तेव्हा मी व्यापाऱ्याकडून पाकीट घेतलं आणि घरी न नेता थेट बोरगाव मेघ्याला उतरले. सुनेनं स्वतःच सांगितलं होतं, "आई, घरी आनूच नका, मले राहावनार नाई." जावेनं सांडशीनं धरून कात्री उकळत्या पाण्यातून काढली, पुसली, पाकीट स्वतःच्या हातानं फोडलं. मॅडमनं सांगितलं तसं सगळं भाजून, तळून, मिक्सरचं भांडं गरम पाण्यानं धुऊन, सुकवून, तिनं थोडी चटणी केली. मला हात लावू दिला नाही. मी दारात बसून फक्त वास घेतला.

ती जेवली. मग उरलेली चटणी वाटीत काढून माझ्यापुढे सरकवली.

"घ्या बाई. वानोळा. नवं तिखट आलं ना घरात."

मी चाखली. मीठ अजिबात नव्हतं. चव म्हणाल तर जवसाचा भुसा. मी वाटी पुसून खाल्ली आणि तिला सांगितलं, "मीठ कमी हाय."

"मले चालते," ती म्हणाली, "त्यायच्या किडनीले जास्त चालत नाई."